मधली बाग आणि तिच्याभोवतीच्या जुन्या इमारती

जुन्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर भिंतीला लोणा लागला, रंगाचे पापुद्रे निघायला लागले, की पहिला फोन वॉटरप्रूफिंगवाल्याला जातो. तो भिंत खरवडतो, केमिकल मारतो, एखाद-दोन पावसाळे बरे जातात आणि मग ओल आधीपेक्षा वीतभर वर दिसते. मधे बाग आणि भोवती दोन-तीन मजली इमारती अशी जी जुनी संकुलं कोल्हापुरात अजून उभी आहेत, तिथे या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा भिंतीत सापडत नाही, ते बागेत सापडतं. पेठांमधल्या वाड्यांना चौक असायचा आणि उजेड, वारा, पाण्याचा निचरा ही तिन्ही कामं तो चौक करायचा. मधली बाग तीच कामं मोठ्या मापात करते. तिला शोभेची जागा समजून माती ओतत, फरशा घालत गेलं की भोगावं लागतं इमारतीला.

म्हणून सुरुवात जोत्यापासून करा. बांधताना जोतं जमिनीपासून साधारण दीड-दोन फूट वर ठेवलेलं असतं आणि त्याच्या माथ्यावर काँक्रीटचा, कधी डांबराचा हात दिलेला, ओल अडवणारा थर असतो. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. या थराचं काम एवढंच की जमिनीतली ओल खालच्या दगडात राहावी, वरच्या विटांत चढू नये. आता बागेत काय होतं बघा. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी तांबड्या मातीची ट्रॉली मागवतं. शहाबादी फरशी खचली की ती न काढताच तिच्यावर काँक्रीट होतं, काँक्रीट तडकलं की त्यावर वाळूचा थर आणि पेव्हर ब्लॉक. प्रत्येक वेळी दोन-तीन इंच. पन्नास वर्षांत जमीन जोत्याच्या माथ्याशी येते आणि डीपीसी मातीखाली जातो. मग ओल त्या थराला वळसा घालून सरळ विटेत शिरते. आतून कितीही केमिकल मारा, बाहेरून पाणी मिळतंच आहे.

मोजायला लेव्हलची नळी पुरते. दहा-बारा मिलिमीटरची पारदर्शक नळी, पंधरा-वीस मीटर लांब, आत पाणी भरायचं आणि बुडबुडे पूर्ण निघेपर्यंत थांबायचं, कारण एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. एका जिन्याची तळमजल्याची फरशी शून्य धरा आणि बाकीच्या सगळ्या इमारतींच्या भिंतींवर तीच पातळी खडूने आखून घ्या. मग दर दहा फुटांवर खडूच्या रेघेपासून खाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहा. दोन माणसांचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्या कागदावर बागेचा उतार कुठे आहे आणि पाणी कुठल्या भिंतीकडे जातंय ते स्पष्ट दिसतं. हा कागद हातात नसताना कुठल्याही कंत्राटदाराला दर विचारू नये, असं माझं ठाम मत आहे.

जमीन डीपीसीच्या निदान सहा इंच खाली हवी. म्हणजे भिंतीलगतची माती उतरवायची. इथे घाई नडते. जुन्या भारवाहू भिंतींचा दगडी पाया फार खोल नसतो, त्यामुळे सबंध भिंतीच्या लांबीला एकदम चर मारू नये. दहा फूट उघडायचं, काम पुरं करायचं, मग पुढचे दहा फूट. जेसीबी नाहीच, कुदळ आणि फावडं. पायाचा रुंद थर दिसू लागला की तिथेच थांबायचं.

उघडलेल्या पट्टीचं पुढे काय करायचं ते मातीवर ठरतं. काळी माती असेल तर ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भिंतीच्या एका बाजूला कायम ओली, दुसऱ्या बाजूला कोरडी राहिली तर पाया वरखाली होऊन खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा पडतात. अशा ठिकाणी भिंतीलगत तीन फूट रुंदीचा, तीन इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा करावा. त्याला बाहेरच्या बाजूला तीन फुटांत पाऊण इंच उतार द्यावा आणि भिंत व पट्टा यांच्यामधली फट सिमेंटने न भरता लवचीक सीलंटने भरावी. सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं आणि मग पाणी नेमकं त्याच फटीतून पायात जातं. मुरुमाची जमीन आणि चुन्यात बांधलेली दगडी भिंत असेल तर फूटभर रुंदीची खडीची पट्टी चांगली, मात्र तिच्या तळाला उतार आणि बाहेर जायला वाट हवी. वाट नसलेली खडी म्हणजे भिंतीशेजारी पाण्याची टाकी. आणि चुन्याच्या भिंतीला आतून सिमेंटचं प्लास्टर करू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायची बंद होते आणि वर चढत जाते. ओल सरकलेली दिसते ती बहुतेक यामुळेच. बाहेरचं काम झाल्यावर भिंत पूर्ण वाळायला एखादं वर्ष लागतं. त्याआधी रंग लावला तर तो फुगणारच.

भिंतीलगतच्या तीन फुटांत रोज पाणी लागणारी झाडं लावू नयेत. कुंड्या चालतील, पण बशीसकट.

जमिनीखाली दुसरी भानगड असते ती ड्रेनेजची. जुन्या संकुलांत मैलापाण्याची लाइन बहुधा बागेतूनच जाते. पाइप तपकिरी झिलईच्या स्टोनवेअरचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे, दोन-दोन फुटांचे तुकडे, सांध्यात सुतळी आणि सिमेंट. म्हणजे शंभर फुटांत पन्नासेक सांधे. प्रत्येक सांधा हे मुळांना आमंत्रण. सिमेंटला केसाएवढी चीर पडली की ओलाव्याच्या मागे मूळ आत शिरतं, आत त्याची जटा होते आणि त्या जटेत कापड, केस, तेलकट गाळ अडकतो.

मुळात चेंबर किती आणि कुठे आहेत हेच कुणाला माहीत नसतं, कारण निम्मे पेव्हरखाली गेलेले. शोधायची पद्धत सोपी आहे. वरच्या टोकाच्या संडासातून रंग घातलेलं पाणी सोडा आणि खालचा माहीत असलेला चेंबर उघडून बघत राहा. रंग आला म्हणजे लाइन जोडलेली, मग दोन चेंबरच्या मधल्या सरळ रेषेवर पहारीने ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथे झाकण. सापडलेल्या प्रत्येक चेंबरचं अंतर इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून नकाशावर लिहा. एकाच कोपऱ्यापासून लिहिलं तर पुढच्या माणसाला पुन्हा शोधावं लागतं. झाकणं जमिनीच्या पातळीला आणा आणि पुन्हा कधीही झाकू देऊ नका.

लाइन बदलायची वेळ आली तर उतार तपासूनच बिल द्या. चार इंची पाइपला चाळीसात एक, म्हणजे दर दहा फुटांना तीन इंच. सहा इंचीला साठात एक, म्हणजे दर दहा फुटांना दोन इंच. कमी उतार दिला तर घाण बसते. फार जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि घन भाग मागे राहतो. प्लंबर सोयीसाठी शेवटच्या वीस फुटांत लाइन जवळपास सपाट नेतात आणि तुंबतं नेमकं तिथेच. स्टोनवेअर लाइन अजून चालती असेल तर जेटिंगची गाडी बोलावताना दाब कमी ठेवायला सांगा. जोराच्या फवाऱ्याने जुने सांधे सुटतात, लाइन त्या दिवशी मोकळी होते आणि नंतर जमिनीत झिरपत राहते. अशा लाइनला बांबूच्या चिपा किंवा रॉड बरे.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक वेगळीच आहे. गच्चीचं पावसाचं पाणी मैलापाण्याच्या चेंबरला जोडलेलं असतं. हिशेब करून बघा. दोन हजार चौरस फुटांची गच्ची आणि दिवसभरात पन्नास मिलिमीटर पाऊस, जुलैत हे कोल्हापूरला नवं नाही. थोडं गच्चीतच जिरलं तरी एका गच्चीवरून जवळपास आठ हजार लिटर पाणी उतरतं. चार इमारती असतील तर बत्तीस हजार. घरच्या सांडपाण्याच्या मापाने बसवलेली सहा इंची लाइन जोराची सर आली की हे पाणी घेऊ शकत नाही आणि घाण पाणी सगळ्यात खालच्या घराच्या न्हाणीतून वर येतं. त्या घरच्यांनी तक्रार केली की न्हाणीची उंची वाढवून दिली जाते. त्यांच्यापुरता प्रश्न मिटतो आणि पुढच्या वर्षी शेजारच्या न्हाणीतून पाणी येतं. गच्चीच्या पाइपांना स्वतंत्र पन्हळ काढून ते पाणी बागेकडे वळवणं हाच उपाय.

जयंती नाल्याच्या किंवा पंचगंगेच्या फुगवट्यात येणाऱ्या भागांत संकुल असेल तर शेवटच्या चेंबरला, महापालिकेच्या लाइनला जोड होतो तिथे, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवून घ्या. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत अनेक ठिकाणी पाणी रस्त्यावरून यायच्या आधी ड्रेनेजमधून उलटं आलं. व्हॉल्व्हची झडप मृग लागायच्या आधी उघडून, गाळ काढून, हाताने हलवून बघायची. वर्षभर न हललेली झडप ऐनवेळी अर्धवट उघडी राहते. एक मात्र लक्षात ठेवा. झडप बंद असते तेव्हा आपलं पाणीही बाहेर जात नाही, म्हणून पुराच्या दिवसांत वरच्या मजल्यांनीही पाणी जपून वापरायचं हे आधीच ठरलेलं हवं. पूर उतरल्यावर बागेत बसलेला गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की त्याची पापडी होते आणि मुळांना हवा मिळत नाही. त्या गाळात मैला मिसळलेला असतो, तेव्हा गमबूट आणि हातमोजे घालूनच.

गच्चीचं पाणी बागेत आणलं की मुरवायचं कसं? पाच बाय पाच आणि सात फूट खोल खड्डा घेतला, दगड-खडीने भरला, तर एका वेळी त्यात दोनेक हजार लिटर मावतं, बाकी पोकळी दगडांनीच खाल्लेली असते. म्हणून खड्ड्याच्या आकारापेक्षा तो कशात जाऊन टेकतो याला महत्त्व आहे. काळ्या मातीत टेकला तर ते डबकं. मुरुमापर्यंत गेलाच पाहिजे. आधी दोन फुटी चाचणी खड्डा करा, एकदा भरून जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी निम्मं पाणी तसंच दिसलं तर आणखी खोल जा किंवा जागा बदला. भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब, वर जाळी, आणि जास्तीचं पाणी रस्त्याच्या गटारीत जायला वेगळी वाट. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी आत घेऊ नये, गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा त्यात असते. जागेत जुना आड असेल तर तो बुजवू नका. गाळ उपसा, लोखंडी जाळी कुलूप लावून बसवा आणि गाळलेलं पाणी त्यात सोडा. मैल्याचा चेंबर मात्र त्याच्या जवळपास नको.

झाडांकडे येऊ. जुन्या बागेत आंबा, फणस, बकुळ, सोनचाफा, पारिजातक, कडुनिंब, नारळ असा जो पसारा असतो तो नव्याने लावून मिळत नाही. बुंध्याला चिकटून पेव्हर किंवा गोल कट्टा बांधणं हा त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. अन्न घेणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, ती वरच्या फूट-दीड फूट मातीत, फांद्यांच्या पसाऱ्याखाली दूरवर असतात. त्यांच्यावर काँक्रीट पडलं की झाड दोन-तीन वर्षं काही दाखवत नाही, मग शेंड्याकडून वाळायला लागतं. तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं आणि कीड लागली म्हणून फवारणी सुरू होते. बुंध्याच्या चारी बाजूंनी निदान पाच फूट माती उघडी ठेवा, जमलं तर जास्त. पेव्हर काढताना ब्रेकर वापरू नका, पहारीने एकेक ब्लॉक उचला. मुळं चार-सहा इंचांवरच असतात. उघडलेल्या जागेत उसाचं पाचट चार इंच अंथरा. हंगामात ते आपल्याकडे मुबलक मिळतं. बुंध्यापासून वीतभर लांब ठेवायचं, नाहीतर साल कुजते. आणि लाकडी चौकटी किंवा दारांजवळ टाकायचं नाही, वाळवी येते.

वळीव येतो तो वारा घेऊन. म्हणून वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत उतरवलेल्या बऱ्या. जाड फांदी तीन कापांत काढायची. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्याही दोन इंच पुढे, वरून, आरपार. फांदी पडते पण साल सोलत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात, खोडाजवळ जे फुगीर कडं दिसतं ते शाबूत ठेवून. ते कडंच जखम भरतं. खोडाला सपाट कापलं तर भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून पाणी आत जातं. जखमेवर डांबर फासू नये. छाटणी असो वा तोड, १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचं संरक्षण व जतन कायद्याखाली महापालिकेच्या उद्यान विभागाकडून आधी परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं. जुन्या संकुलात अशी झाडं असतातच, तेव्हा त्यांची मोजणी करून घेर आणि अंदाजे वय फोटोसह दफ्तरी ठेवा.

जी झाडं आपोआप येतात ती वेगळी. भिंतीच्या सांध्यात, सज्जाखाली पिंपळ आणि उंबर उगवतात. वरून छाटले की दुप्पट जोमाने फुटतात. वितभर असतानाच आजूबाजूचं प्लास्टर फोडून मूळ पूर्ण काढायचं आणि फट लगेच भरायची, चुन्याच्या भिंतीत चुन्यानेच.

हिरवळीबद्दल थोडं कडक बोलतो. हजार चौरस फूट लॉनला उन्हाळ्यात रोज चारशे लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि निम्म्या जागेत ते जगतच नाही. कारण सावली. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांवर असतो, म्हणजे तीस फूट उंच इमारतीची सावली उत्तरेला पंचवीस फूट पडते. दक्षिणेकडच्या इमारतीला लागून असलेली एवढी पट्टी ऐन हिवाळ्यात उन्हाविना राहते. तिथे लॉन लावून तो पिवळा पडला की माळ्याला बोल लावला जातो. त्या पट्टीत फर्न, अळू, हळद, विड्याचा वेल लावा. फुलझाडं आणि भाजी उत्तरेकडच्या इमारतीसमोर, जिथे ऊन पोचतं. बसायचे बाक उलट दक्षिणेच्या सावलीत.

पालापाचोळा जाळू नका. तीन फूट लांबी-रुंदी-उंचीचा, विटांत फटी सोडून रचलेला हौद, सहा इंच पाला, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये इतपत ओलावा. पंधरा दिवसांनी एकदा वरखाली केलं तर चार महिन्यांत खत. वास आला तर पाणी जास्त झालं, काहीच होत नसेल तर कमी. हे खत बागेतच वापरलं की दर वर्षी तांबडी माती मागवायची गरज राहत नाही आणि जोत्याची पातळी टिकते.

आता कागद. बाग सगळ्यांची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण लिहिलेलं कुठे आहे? न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सनीसाइड गार्डन्स नावाची वसाहत १९२४ ते १९२८ या काळात बांधली गेली. तिचा आराखडा करणाऱ्या क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी घरांच्या ओळींमधे सामाईक बागा ठेवल्या आणि त्या तशाच राहाव्यात म्हणून करारात बंधन घातलं, मुदत चाळीस वर्षं. एकोणीसशे साठच्या दशकात मुदत संपली आणि अनेकांनी आपापल्या घरामागचा तुकडा कुंपण घालून तोडून घेतला. काही बागा अखंड राहिल्या, काही कायमच्या गेल्या. न्यूयॉर्क शहराने वसाहतीला ऐतिहासिक दर्जा दिला तो २००७ मधे. तिथे बाग इतकी वर्षं जपली गेली ती कागदामुळे आणि तुटली तीही कागदातल्या एका आकड्यामुळे.

आपल्याकडे आधी बघायचं की तुमचं संकुल १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली सोसायटी आहे की १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशनमधे, म्हणजे नोंदणी केलेल्या घोषणापत्रात, सामाईक जागांचं वर्णन आणि प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो. तो हिस्सा बागेच्या कुठल्याही कोपऱ्यावर बोट ठेवून माझा म्हणता येत नाही. सोसायटी असेल तर सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिका काढा आणि जमीन कुणाच्या नावावर आहे ते वाचा. मूळ मालक किंवा बिल्डरचंच नाव असेल तर बाग अजून तुमची झालेली नाही. मालक जमीन नावावर करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज करता येतो. मंजूर नकाशाची प्रत मिळवा. महापालिका १९७२ साली झाली, त्याआधीच्या इमारतीचा नकाशा नगरपालिकेच्या नावाने शोधावा लागेल. त्यात बाग मोकळी जागा म्हणून दाखवलेली असेल तर तळमजल्याचं वाढीव पत्र्याचं शेड, तारेचं कुंपण, कायमचं पार्किंग या सगळ्याला सभेत उत्तर मिळतं.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि ते सोयीचंच आहे. पावसाळ्यात पाणी कुठे साचलं ते सगळ्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं. पातळीचा कागद आणि चेंबरचा नकाशा तेव्हाच मांडा, ठराव करा, खोदकाम दिवाळीनंतर. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) दर तीन वर्षांनी करायची असते. त्या इंजिनिअरला जमिनीच्या पातळ्या आणि झाडांचे घेरही अहवालात घ्यायला सांगा.

पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तर बागेपासून वाचायला लागा. रंगीत ब्रोशरमधे हिरवी जागा भरपूर दिसते, पण ती बहुधा पार्किंगच्या स्लॅबवर असते. स्लॅबवर दीड फूट माती टाकून लॉन आणि झुडपं येतात, आंबा किंवा बकुळ उभा राहत नाही, आणि पाणी जमिनीत मुरतच नाही. करारात ‘लँडस्केप गार्डन’ एवढा शब्द पुरेसा मानू नका. खाली तळघर किंवा स्लॅब नसलेली नैसर्गिक जमीन किती चौरस फूट, ती नकाशात कुठे, कुठली झाडं कुठल्या क्रमांकाने जागेवर राखायची, बांधकाम चालू असताना त्यांच्याभोवती किती फुटांवर पत्र्याचं कुंपण, त्या कुंपणाच्या आत खडी-वाळू-सिमेंट टाकायचं नाही, आणि झाड मेलं तर बँक गॅरंटीतून किती रक्कम कापायची, हे सगळं सही करण्याआधी लिहून घ्या.